हवेतून पसरत नाही

४ मार्च, मंगळवार

आज स्टँडवरून दिवसभरात अकरा गाड्या सुटल्या. एरवी तासाला तेवढ्या सुटतात. माझ्या काचेच्या खोक्यात आठ तास बसून मी अकरा वेळा बोलले आणि उरलेला वेळ माइकचा स्पंज काढून परत बसवत राहिले. वीस वर्षं गाड्यांच्या वेळा पुकारल्यावर गप्प बसलं की जीभ शिवशिवते. घरी आले तेव्हाही काहीतरी पुटपुटत असणार, कारण बाबा म्हणाले, "स्वतःशी बडबडण्यापेक्षा लिहून काढ. निदान व्याकरण तरी सुधारेल."

बाबा वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. आता तपासायला कुणी काही देत नाही, म्हणून औषधांच्या वेष्टनांवरच्या चुका काढतात. ही वही त्यांनीच दिली.

तर नवा ताप आपल्या शहरात आलाय. तीन आठवड्यांपूर्वी तो दुसऱ्यांच्या शहरात होता आणि आम्ही बातम्या बघत चहा पीत होतो.

६ मार्च, गुरुवार

आरोग्य खात्यातून फोन! त्यांच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांना माझा आवाज हवाय. साहेब म्हणाले, "बाई, अख्खं शहर तुमच्या आवाजावर विश्वास ठेवून गाडी पकडतं. तुम्ही तीन नंबर म्हणालात की लोक तीन नंबरकडे पळतात." मी नम्रपणे "कसचं कसचं" म्हटलं, पण फोन ठेवल्यावर आरशात जाऊन बघून आले.

धाकट्या बहिणीला लगेच कळवलं. तिला जास्तच आनंद झाला. शिवणकारखान्यातल्या सगळ्या बायकांना सांगते म्हणाली.

७ मार्च, शुक्रवार

मीटिंग चक्क गच्चीवर होती. खाली मोठा हॉल रिकामा, आणि आम्ही बारा माणसं पाण्याच्या टाकीशेजारी ऊन खात बसलेलो. खुर्च्याही एवढ्या लांब लांब मांडलेल्या की कागद द्यायला शिपायाला चालत यावं लागत होतं. साहेबांना मोकळी हवा आवडते वाटतं. अशी माणसं सरकारी खात्यात कमी.

मला वाचायला एक मजकूर दिला. पुसण्याचे, हात धुण्याचे नियम ठीक होते, पण मधे हे वाक्य: 'हा ताप हवेतून पसरतो असा ठोस पुरावा अद्याप उपलब्ध झालेला नाही.' मी दोनदा म्हणून पाहिलं. आता, घोषणा करणाऱ्या बाईला विचारा. लोक पिशव्या सावरत, पोरं ओढत ऐकत असतात. शेवटचा 'नाही' येईपर्यंत पहिला 'हवेतून पसरतो' डोक्यात बसलेला असतो. मी म्हटलं, "साहेब, हे एका दमात जायला पाहिजे. 'हा ताप हवेतून पसरत नाही.' संपलं."

साहेबांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, "वा! सुटसुटीत."

एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, साथीच्या कक्षातल्या. त्या म्हणाल्या, "अहो, पण हे तेच वाक्य नाही."

"अर्थ तोच पोचतो," साहेब म्हणाले.

"नाही पोचत. पहिल्यात आपल्याला माहीत नाही असं आहे. दुसऱ्यात माहीत आहे असं आहे."

शिकलेल्या माणसांचं हे असं. शब्दाचा कीस काढत बसतात आणि तोवर गाडी सुटते. साहेबांनी माझं वाक्य ठेवलं. डॉक्टरीणबाई नुसत्या पेनाचं टोपण काढघाल करत राहिल्या.

८ मार्च, शनिवार

ध्वनिमुद्रण झालं. ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे कपाटच, भिंतींना जाड गाद्या, दार लावलं की कान बंद झाल्यासारखे वाटतात. मी आणि ध्वनिमुद्रक दोघंच आत. साहेब काचेबाहेरून अंगठा दाखवत होते. दोनदा बोलावलं तरी आत आले नाहीत. कलाकाराच्या कामात लुडबुड नको, अशी समज असलेला माणूस.

बाबांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "मूळ प्रत आहे का?" मी कागद दिला. त्यांनी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहिली, बराच वेळ बघितली.

"ही दुरुस्ती कुणाची?"

"माझी."

"वाक्य उत्तम आहे," ते म्हणाले. पण कौतुकाच्या सुरात नाही. विचारलं तर बातम्या लावल्या.

११ मार्च, मंगळवार

गाड्यांवर कर्णे लावून माझा आवाज गल्लोगल्ली फिरतोय. आज भाजी घेताना मागून मीच आले. 'हा ताप हवेतून पसरत नाही. वस्तू पुसा, हात धुवा, निर्धास्त राहा.' भाजीवालीने माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि म्हणाली, "अगं बाई, तुम्हीच की!" एक लिंबू जास्तीचं दिलं.

घरी येऊन सगळं पुसलं. लिंबूसुद्धा. तरी चैन पडेना. दाराच्या कड्या, दिव्यांची बटणं, बाबांच्या चष्म्याच्या काड्या पुसल्या. बाबा म्हणाले, "आता मलाच पुसून ठेव कपाटात."

१५ मार्च, शनिवार

धाकटीचा दुपारी कारखान्यातून फोन. तिच्या कारखान्यात आता दवाखान्यांसाठी पांढरे गाऊन शिवतात, साठ मशीनं, दोन पाळ्या. कापडावर धूळ बसू नये म्हणून खिडक्यांना प्लॅस्टिक लावून चिकटपट्ट्या मारल्यात.

"ताई, एक विचारू का? इथे चार-पाच जणी खोकताहेत. बटणांची काजं करते ना, माझ्या शेजारची, ती परवापासून खोकतेय. म्हणते, खिडक्या उघडायला सांगू या. सुपरवायझर म्हणतो, काही गरज नाही, हवेतून नसतं. तुला माहीत असेल ना नक्की?"

मी म्हटलं, "अगं, मी स्वतः वाचलंय. मीटिंगला होते मी. मशीन पुसतेस ना?"

"दर तासाला. कात्री, बॉबिन, सगळं."

"मग झालं तर."

तिने तिकडे कुणाला तरी ओरडून सांगितलं, "ताई म्हणते काही नाही होत गं!" आणि बायका हसल्याचा आवाज आला. बरं वाटलं. आपल्या बोलण्याने कुणाचा जीव खाली पडतो ही लहान गोष्ट नाही.

तरी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खोक्यात येरझारा घातल्या. येरझारा म्हणजे काय, अडीच पावलं तिकडे आणि अडीच इकडे.

१९ मार्च, बुधवार

खात्यात दुसऱ्या मीटिंगला गेले. पुन्हा गच्चीच. वारा एवढा की कागदांवर चपला ठेवाव्या लागल्या. डॉक्टरीणबाई नव्हत्या. "त्यांना तापाच्या दवाखान्यात पाठवलंय, तिथे जास्त गरज आहे," साहेब म्हणाले. मीटिंगनंतर सहीसाठी त्यांच्या खोलीत गेले तर दोन्ही खिडक्या सताड उघड्या, आणि टेबलावरचा पंखा त्यांच्याकडे पाठ करून दाराकडे वारा मारतोय. मी म्हटलं, "साहेब, पंखा उलटा लागलाय." ते म्हणाले, "राहू द्या. मला असाच सवयीचा आहे."

येताना वाटभर तो पंखा डोक्यात फिरत होता. उगाचच.

२० मार्च, गुरुवार

धाकटीला ताप.

२२ मार्च, शनिवार

तिच्याकडे गेले होते. दारातूनच बोलली. माझी भाची, बारा वर्षांची, तिला मी आमच्याकडे घेऊन आले; धाकटीचा नवरा ट्रक घेऊन गेलाय आणि सीमा बंद झाल्यामुळे तिकडेच अडकलाय. धाकटी बोलताना मधेच थांबत होती. एका वाक्याला तीन दम. मी माझ्याच कामाच्या सवयीने मोजले.

म्हणाली, "मंगळवारी घाईत कात्री पुसायची राहिली गं. तेव्हाच झालं असणार. चूक माझीच."

मी म्हटलं, "आता त्याचा विचार करू नकोस."

२३ मार्च, रविवार

सकाळी तिला तापाच्या दवाखान्यात नेलं. खाटा भरलेल्या, म्हणून ओसरीत गादीवर ठेवलंय, नाकाला ऑक्सिजनची नळी. तिथे तोंडावर पट्टी, अंगात गाऊन अशा वेषात एक बाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. आवाजावरून ओळखलं, डॉक्टरीणबाई. त्यांनीही मला आवाजावरूनच ओळखलं असणार.

"तुमच्या बहीण का?"

"हो. शिवणकारखान्यात आहे. सगळं पुसायची हो ती. दर तासाला."

मी वर बघितलं. ओसरीच्या सगळ्या झडपा उघड्या होत्या. आतल्या वॉर्डात तर खिडक्यांची दारंच काढून भिंतीला टेकवून ठेवली होती.

"हे असं का?" मी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून असंच आहे. आमच्या नर्स पुसून पुसून दमल्या आणि तरी आजारी पडल्या. खिडक्या काढल्या, तेव्हा कमी झालं."

"मग... मग तुम्ही सांगितलं नाहीत?"

"लेखी सांगितलं. दोनदा." त्या दमलेल्या होत्या, रागावलेल्या नव्हत्या. "बंद खोल्यांना धोका आहे असं जाहीर केलं असतं, तर सगळ्यात आधी गाऊन शिवणारे कारखाने थांबले असते. आणि गाऊन नसते, तर आम्ही इथे उघड्या अंगाने उभ्या राहिलो असतो. साहेबांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. फक्त ते म्हणणं कुणी लोकांसमोर मांडलं नाही. त्याऐवजी तुमचं वाक्य मिळालं."

माझं वाक्य.

तिथून निघाले ती चालत घरी आले, पाच-सहा किलोमीटर. गाडी रिकामी उभी होती तरी. रस्त्यात कुठे काय ओलांडलं, आठवत नाही.

२४ मार्च, सोमवार

बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला तेव्हाच बोलायला हवं होतं."

"मग का नाही बोललात?"

"तू इतकी खूश होतीस." आणि थोड्या वेळाने, "छापून गेलेल्या चुकीला शुद्धिपत्र असतं. तुमच्या कर्ण्याला काय असतं?"

मी जेवले नाही. भाची विचारते, आई कधी येणार. मी सांगते, लवकर. माझ्या तोंडून निघालेलं काहीही खरं वाटतं, हाच तर घोळ आहे.

२६ मार्च, बुधवार

हे लिहायला नको वाटतंय. म्हणूनच लिहिते.

धाकटीचा श्वास काल दुपारपासून वाढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठ्या दवाखान्यात श्वासाची यंत्रं आहेत, पण तिथली खाट वरून कुणी सांगितल्याशिवाय मिळत नाही. मी सकाळी दहाला साहेबांच्या दारात. त्यांनी मला खोलीत घेतलं नाही, अंगणात झाडाखाली बोलले.

मी जे ठरवून गेले होते ते बोललेच नाही. नुसतं म्हटलं, "साहेब, बहीण."

ते खरंच कळवळले. नाटक नव्हतं. लगेच फोन काढला, दोघांशी बोलले. "होईल. संध्याकाळपर्यंत हलवतील." आणि मग, फोन खिशात ठेवता ठेवता, "बरं झालं आलात. नवा मजकूर आहे. पाचच मिनिटं लागतील."

कागदावर होतं: 'साठीच्या आतल्या निरोगी व्यक्तींना या तापाचा धोका नगण्य आहे. मनात भीती न बाळगता कामावर हजर राहा.'

माझी बहीण अडतीस वर्षांची आहे.

मी म्हटलं, "साहेब, हे खरं आहे का?"

"दहा हजारांतल्या किती जणांना होतं, त्या हिशेबाने खरं आहे."

"आणि ते हवेचं वाक्य?"

त्यांनी झाडाकडे बघितलं. "ते आता बदललं तर लोक म्हणतील, आधी खोटं सांगत होतात. मग पुढचं काहीच ऐकणार नाहीत. तुम्ही आवाजातल्या बाई, तुम्हाला कळतं. एकदा विश्वास गेला की गेला." मग अगदी हळू म्हणाले, "माझी आई घरी आहे हो. मलाही झोप नाही."

खाटेचा निरोप अजून खाली पोचायचा होता. ते काहीही म्हणाले नाहीत. 'वाचा नाहीतर खाट नाही' असं मुळीच म्हणाले नाहीत. मीच मनात ते ऐकलं.

त्या गाद्यांच्या खोलीत जाऊन मी ते वाचलं. एका दमात, न अडखळता. ध्वनिमुद्रक म्हणाला, "एकदम झकास!"

पावणेसहाला धाकटीला हलवलं.

२९ मार्च, शनिवार

यंत्रावर आहे. 'स्थिर' म्हणतात. बाबा भाचीला शब्दकोडी घालतात. मी स्टँडवर जाते, बोलते, घरी येते. हात इतके धुतलेत की बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात. काही उपयोग नाही हे माहीत झालंय, तरी थांबत नाही.

बाबांनी आज नवी घोषणा खिडकीतून ऐकली. "नगण्य," म्हणाले. "न गण्य. ज्याची गणती केली नाही तो." त्यांना ठाऊक आहे मी का वाचलं. मी सांगितलं नाही तरी.

२ एप्रिल, बुधवार

काजं करणारी गेली. एकोणतीस वर्षांची होती. धाकटीच्या मशीनच्या डाव्या हाताला बसायची, डब्यातलं लोणचं रोज वाटून खायची एवढंच मला माहीत. तिनेच खिडक्या उघडायला सांगू या म्हटलं होतं.

ती गेल्या आठवड्यात ताप असताना कामावर गेली होती. तिची सासू दवाखान्याच्या फाटकाशी सांगत होती, "गाडीवरून सांगितलं ना, तरुण माणसांना काही होत नाही म्हणून. म्हणून गेली ती." सासू मला ओळखत नव्हती. मी तिला पाण्याची बाटली दिली. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर तिने ओळखलं असतं.

३ एप्रिल, गुरुवार

खात्यात लेखी अर्ज दिला: माझा आवाज काढून टाका. कारकून म्हणाला, "बाई, बोललात तोवर तुमचा होता. आता तो खात्याचा." मी म्हटलं, "मग निदान वाक्य तरी बदला." तो म्हणाला, "वाक्य तर तुम्हीच दिलंत असं टिपणात आहे." दाखवलंही. माझं पद, तारीख, 'यांच्या सूचनेनुसार'. साहेबांची सही. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मात्र टिपणात कुठेच नाही.

दुपारी स्टँडवर, पाच नंबरची गाडी पुकारल्यावर मी माइक बंद केला नाही. म्हटलं, "प्रवाशांनी गाडीच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. हा ताप हवेतून पसरतो." एवढंच. स्टँडप्रमुख पायऱ्या उतरून तरातरा खोक्यापाशी आले. मी म्हटलं, आता गेली नोकरी. त्यांनी काच ठोठावली. म्हणाले, "खिडक्यांचं ठीक आहे, धूळ जाते म्हणून सांगता येईल. दुसरं वाक्य मी ऐकलेलं नाही."

बाहेरून त्याच वेळी खात्याची गाडी चालली होती. कर्ण्यातली मी आणि खोक्यातली मी. लोक मान वर करून ऐकत होते आणि हसत होते. एक आजोबा ओरडले, "बाई, एक काय ते ठरवा!"

तीन गाड्यांपैकी एका गाडीच्या खिडक्या उघडल्या.

९ एप्रिल, बुधवार

धाकटी घरी आली. आमच्याच घरी आणली. चार पावलं चालली की बसावं लागतं. केस गळालेत, आवाज कुणा दुसरीचाच वाटतो. भाची तिच्यापासून तसूभर हलत नाही. बाबांनी तिच्यासाठी आपली खिडकीजवळची खाट सोडली.

काजवालीचं तिला अजून सांगितलं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी तिला भरवत होते. म्हणाली, "त्या कात्रीचा विचार डोक्यातून जात नाही. माझ्या निष्काळजीपणामुळे तुम्हा सगळ्यांना त्रास. आणि माझी कात्री ती पण वापरायची, काजं करते ती. तिला तर नाही ना काही झालं?"

मी वाटी खाली ठेवली. पळून जावंसं वाटलं, खरंच. दूध उतू जातंय असं काहीतरी सांगून उठायचा विचार आला. बाबा दारात उभे होते. ते आत आले नाहीत आणि गेलेही नाहीत.

मी सगळं सांगितलं. गच्ची, वाक्य, डॉक्टरीणबाई, पंखा. पंधरा तारखेचा तिचा फोन. मग काजवालीचं. मग दुसरा मजकूर, आणि तो मी कोणत्या दिवशी वाचला ते. 'कात्रीने काही झालेलं नाही' हे तीनदा सांगितलं. एका दमात नाही जमलं. कुठेच जमलं नाही.

तिने मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "खाट मिळाली ती त्यामुळे?"

"कदाचित खाट तशीही मिळाली असती. मी विचारून बघितलं नाही."

तिने भिंतीकडे तोंड केलं. दिवसभर बोलली नाही, माझ्याशी तरी. भाचीशी बोलली. बाबांशी बोलली. मी समोर गेले की डोळे मिटून घ्यायची. संध्याकाळी बाबा म्हणाले, "तिला घाई करू नकोस." मला घाई नाही. मला फक्त कुठे बसावं ते कळत नाही. स्वयंपाकघरात गेले तर तिचा खोकला ऐकू येतो, बाहेर गेले तर माझाच आवाज.

१२ एप्रिल, शनिवार

आजही नाही.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी आठला धाकटी उठून बसली होती. केस बांधलेले, चपला घातलेल्या. म्हणाली, "कारखान्यात जायचंय."

"वेडी आहेस का? अजून..."

"कामाला नाही. अजून तिथे प्लॅस्टिक आहे. काल फोन करून विचारलं मी. आणखी चौघी घरी पडल्यात." तीन दिवसांनी माझ्याशी बोललेली पहिली वाक्यं. "मी सांगितलं तर म्हणतील, आजारपणाने भ्रमिष्ट झाली. त्यांनी तुझं ऐकलंय. तूच सांगायचं."

बाबा म्हणाले, "जा."

रिक्षाने गेलो. कारखाना दुसऱ्या मजल्यावर. सुपरवायझर दारातच अडवायला उभा. मी त्याला म्हटलं, "खिडक्या उघडा." तो म्हणाला, "बाई, खात्याची लेखी सूचना आणा. इथे पांढरा माल आहे, एक डाग पडला तर अख्खा गठ्ठा परत येतो."

धाकटी त्याच्या बाजूने आत शिरली आणि तिच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिली. बसली नाही. डाव्या हाताच्या मशीनवर आता कुणी नवीच बाई होती. एकेक करून मशीनं थांबली. एवढी माणसं असूनही खोलीत कुबट, ऊबदार वास कोंडलेला होता.

मी इतक्या वर्षांत माणसांसमोर बोललेच नव्हते. समोर नेहमी काच.

"मी ती बाई," मी म्हटलं. "गाडीवरची. हवेतून पसरत नाही असं सांगितलं ती. ते चुकीचं होतं. मूळ कागदावर तसं नव्हतं, ते वाक्य मी केलं. तुमच्यातली एक गेली, ही मरता मरता वाचली, ते न पुसलेल्या कात्रीमुळे नाही. हे प्लॅस्टिक काढा."

कुणी हललं नाही. मागून एक वयस्कर बाई म्हणाली, "तेव्हाही तुम्ही अशाच ठासून बोलला होतात."

मी म्हटलं, "हो."

तिने माझ्याकडे बघितलं. मग धाकटीकडे, तिच्या हडकलेल्या मनगटांकडे. शेवटी गळ्यात अडकवलेली कात्री काढून उठली. कॉलर लावणारी होती, असं नंतर कळलं. तिने पहिल्या खिडकीची चिकटपट्टी वरून खाली सरळ कापली, शिवण उसवावी तशी. सुपरवायझर "अहो, माल, माल!" करत राहिला. दोघीजणी उठून गाऊनच्या गठ्ठ्यांवर चादर टाकू लागल्या. तिसरीने दुसरी खिडकी घेतली. सगळ्या उठल्या नाहीत. बऱ्याच जणी मान खाली घालून बसून राहिल्या, त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता की नोकरीची भीती होती, कोण जाणे. नऊपैकी पाच खिडक्या उघडल्या. वारा आत आला तसे कागदी नमुने टेबलांवरून उडाले आणि एकदम आरडाओरडा झाला.

आम्ही निघालो. चढताना धाकटी माझ्या पुढे होती, तेव्हा भिंतीला धरून चढली. उतरताना प्रत्येक वळणावर तिला दम लागत होता. ती माझ्या खांद्यावर हात ठेवायची, डोळे मिटून उभी राहायची. श्वास जुळला की हात काढून घ्यायची आणि पुढची पायरी उतरायची.

मी प्रत्येक पायरीवर तिच्या बाजूला थांबले. बोलले नाही.